गॉलचे गुरुजी : फ्रँक ली वुडवर्ड

संयुत्तनिकाय किंवा अंगुत्तरनिकाय इंग्रजीतून वाचू पाहणाऱ्या अभ्यासकाला फ्रँक ली वुडवर्ड हे नाव टाळता येत नाही. लंडनच्या पालि टेक्स्ट सोसायटीने प्रसिद्ध केलेल्या या निकायांच्या भाषांतरांपैकी निम्म्याहून अधिक खंड एकट्या वुडवर्ड यांचे आहेत. जगाला त्यांची ओळख आहे ती पालि पंडित म्हणून. परंतु या पांडित्याच्या आधी त्यांच्या आयुष्याची ऐन उमेदीची सोळा वर्षे एका शाळेत गेली. ती शाळा त्यांच्या देशात नव्हती, त्यांच्या धर्माची नव्हती, आणि ते तेथे पोहोचले तेव्हा तिच्याजवळ पुरेसे विद्यार्थी किंवा स्वतःची धड इमारतही नव्हती. आपली स्मरणिका एका शाळेची आहे. म्हणून येथे पंडित वुडवर्ड यांच्याविषयी थोडे आणि शिक्षक वुडवर्ड यांच्याविषयी अधिक लिहिणे मला उचित वाटते.

वुडवर्ड यांचा जन्म १३ एप्रिल १८७१ रोजी इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातील सॅहम टोनी या खेड्यात झाला. वडील विल्यम वुडवर्ड हे अँग्लिकन चर्चचे धर्मोपदेशक. फ्रँक त्यांचा तिसरा मुलगा. घरात पुस्तके होती, शिस्त होती आणि भाषांचे वेड होते. लंडनच्या क्राइस्ट्स हॉस्पिटल या जुन्या नामांकित शाळेत त्यांचे शिक्षण झाले. तेथे लॅटिनमध्ये त्यांनी नाव मिळवले आणि शिष्यवृत्तीच्या बळावर ते केंब्रिजच्या सिडनी ससेक्स कॉलेजात गेले. पदवी घेतल्यानंतर इंग्लंडमधील दोन-तीन शाळांत त्यांनी अध्यापन केले. त्यांपैकी स्टॅमफर्ड येथील शाळेत त्यांची काही वर्षे गेली. तेथे असतानाच पौर्वात्य तत्त्वज्ञानाची, संस्कृत आणि पालीची ओढ त्यांना लागली. १९०२ साली ते थिऑसॉफिकल सोसायटीचे सभासद झाले. त्या सोसायटीचे अध्यक्ष कर्नल हेन्री स्टील ऑल्कॉट यांच्याशी त्यांचा परिचय झाला, आणि बौद्ध मुलांच्या शिक्षणासाठी सिलोनला जाण्याची तयारी त्यांनी दर्शवली. स्थिर नोकरी, परिचित समाज आणि पुढे मुख्याध्यापकपदाची शक्यता हे सारे मागे ठेवून बत्तीस वर्षांचा हा अविवाहित तरुण बोटीत बसला.

तो ज्या सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला निघाला होता, तेथील परिस्थिती समजून घेतल्याखेरीज या निर्णयाचे मोल कळणार नाही.

ब्रिटिश अमलात सरकारी कारकुनी, वकिली, वैद्यकी या साऱ्यांचे दार इंग्रजीच्या किल्लीनेच उघडत असे. सिंहली भाषेच्या शाळा खेडोपाडी होत्या, पण त्यांतून बाहेर पडलेला मुलगा फार तर गावातच राहणार. चांगल्या इंग्रजी शाळा बहुतांशी मिशनऱ्यांच्या हातात होत्या. तेथे शिक्षण उत्तम मिळे, यात शंका नाही. पण वर्गाची सुरुवात बायबलने होई, आणि आपल्या घरातील बुद्धपूजा, विहार, भिक्खू हे सारे मागासलेपणाचे लक्षण आहे, ही जाणीव मुलाच्या मनात हळूहळू मुरत जाई. सामान्य बौद्ध आईबापांपुढे दोनच वाटा होत्या. मुलाला इंग्रजी द्यावे आणि धम्म गमवावा, किंवा धम्म राखावा आणि मुलाचे भवितव्य गावाच्या वेशीत कोंडावे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला ही कोंडी निराळ्या रूपात ठाऊक होती. तिच्याविषयी या वाचकांना अधिक सांगायला नको.

१७ मे १८८० रोजी ऑल्कॉट मॅडम ब्लाव्हॅट्स्की यांच्यासह गॉलच्या बंदरात उतरले आणि २५ मे रोजी त्या दोघांनी गॉलमध्येच त्रिशरण-पंचशील ग्रहण केले. त्यानंतर बौद्धांच्या स्वतःच्या शाळा काढण्याची चळवळ उभी राहिली. १८८६ साली कोलंबोत आनंद कॉलेजचा पाया घातला गेला. पुढच्याच वर्षी कँडीला धर्मराज कॉलेज निघाले. १ मार्च १८९२ रोजी गॉलच्या किल्ल्यात महिंद कॉलेज सुरू झाले. कॉलेज म्हटले तरी ही सारी मुळात विद्यालये होती. सम्राट अशोकाचा पुत्र महिंद थेर धम्म घेऊन सिंहलद्वीपात गेला, त्याचे नाव या शाळेला दिले होते. (पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईला सिद्धार्थ आणि औरंगाबादला मिलिंद ही नावे निवडली, तीही याच जातीची. शाळेच्या पाटीवरचे नाव मुलाला रोज आपला इतिहास वाचून दाखवत असते.)

पण नाव देणे सोपे आणि शाळा चालवणे अवघड. मिशनच्या शाळांना दीर्घकाळाचा अनुभव, पदवीधर शिक्षक आणि सरकारी अनुदान यांचे पाठबळ होते. अनुदानाचे नियमही असे, की आधीच्या शाळेपासून ठरावीक अंतराच्या आत नवी शाळा काढली तर तिला मदत मिळणे कठीण. गॉल हे एके काळी बेटाचे मुख्य बंदर. कोलंबोच्या बंदराला नवी भिंत बांधली गेली आणि मोठी जहाजे तिकडे वळली, तसे गॉलचे वैभव ओसरू लागले. पोर्तुगिजांनी आरंभलेल्या आणि डचांनी भक्कम केलेल्या त्या किल्ल्यातील एका जुन्या वास्तूत महिंद कॉलेज कसेबसे तग धरून होते. अकरा वर्षांत शाळेला स्थैर्य लाभले नव्हते.

१ ऑगस्ट १९०३ रोजी वुडवर्ड तेथे प्राचार्य म्हणून रुजू झाले. त्या वेळी शाळेत सुमारे साठ मुले होती.

परदेशातील गरीब शाळेत इंग्रजी शिकवायला स्वयंसेवक म्हणून जाणे हा आज एक परिचित प्रकार झाला आहे. दूरदेशीचा कुणी तरुण येतो, दोन-चार महिने राहतो, मुलांना गाणी शिकवतो, छायाचित्रे काढतो आणि जातो. त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण मुलांची नावे नीट पाठ होतात न होतात तोच तो परतीच्या वाटेला लागलेला असतो, आणि दुसऱ्या वर्षी नवा पाहुणा पुन्हा पहिल्या धड्यापासून आरंभ करतो. वुडवर्ड यांनी पहिली गोष्ट केली ती ही, की ते राहिले. एकदोन वर्षे नव्हे, सोळा वर्षे. ज्या मुलाला त्यांनी पहिल्या वर्षी मुळाक्षरांपाशी पाहिले असेल, त्याला मोठ्या परीक्षेला बसवून, नोकरीला लावून, त्याच्या धाकट्या भावालाही शिकवण्याइतका हा काळ आहे.

प्राचार्य असूनही ते वर्गावर जात. इंग्रजी आणि लॅटिन, पालि आणि बौद्ध धम्म, इतकेच काय चित्रकलाही ते शिकवीत. सिलोनमधील इंग्रजी शाळांची मुले तेव्हा केंब्रिजच्या स्थानिक परीक्षांना बसत. उत्तरपत्रिका इंग्लंडमध्ये तपासल्या जात. तेथील परीक्षकाला गॉलचा मुलगा कोण, त्याच्या घरी इंग्रजीचा शब्द कानी पडतो की नाही, याची काय फिकीर? त्या परीक्षकाची नजर कशी चालते हे आतून जाणणारा शिक्षक मुलांना लाभला होता. जे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या मूठभरांच्या घरात राहिले होते, ते कोळ्यांच्या, शेतकऱ्यांच्या आणि छोट्या दुकानदारांच्या प्रदेशातल्या मुलांसमोर फळ्यावर येऊ लागले. शिस्तीच्या बाबतीत वुडवर्ड कडक होते. तरीही मुलांचा त्यांच्यावर जीव होता, आणि तो त्यांच्या पश्चातही टिकला, हे गॉलमध्ये आजही त्यांचे नाव ज्या आदराने घेतले जाते त्यावरून कळते.

मुलांची संख्या वाढत गेली तशी किल्ल्यातील जागा अपुरी पडू लागली. शहराच्या थोडे बाहेर मिनुवंगोडा भागात एका टेकडीवर नव्या शाळेची उभारणी सुरू झाली. गॉल परिसरातील बौद्ध कुटुंबांनी हात सैल सोडले. पण वुडवर्ड यांनीही इंग्लंडहून आलेला स्वतःचा वारसाहक्काचा पैसा या कामात ओतला. आराखडे त्यांनीच काढले, बांधकामावर देखरेखही त्यांनीच केली. १९१२ साली शाळा टेकडीवरच्या नव्या वास्तूत गेली. साठ मुलांची शाळा आता तीनशेच्या घरात पोहोचली होती. टेकडीला आज महिंद टेकडी म्हणूनच ओळखतात. ज्यांनी संस्थेची पहिली खोली पत्र्याखाली उभी राहताना पाहिली आहे, विटा कुणी दिल्या, सिमेंट कुणी उधार दिले हे ज्यांना आठवते, त्यांना या टेकडीची गोष्ट वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

इमारतीपेक्षाही माझ्या मते मोठी अशी एक गोष्ट त्यांनी केली. ते इंग्रजीचे शिक्षक होते, त्यांच्या इंग्रजीसाठीच पालक मुलांना पाठवत होते. आणि त्याच शिक्षकाने शाळेत सिंहली भाषेला मानाचे स्थान दिले. त्या काळी इंग्रजी शाळांतून मातृभाषा शिकवणे कमीपणाचे मानले जाई. घरात इंग्रजी बोलणारी, सिंहलीत पत्रही न लिहू शकणारी सुशिक्षित माणसे ही प्रतिष्ठेची गोष्ट समजली जाई. परका माणूस आपल्या भाषेचा आग्रह धरतो आणि आपलीच माणसे नाके मुरडतात, हा विचित्र देखावा गॉलमध्ये दिसला असेल. वुडवर्ड यांना इंग्रजीचे मोल कमी वाटत नव्हते. शिडी म्हणून ती हवीच, हे जाणूनच ते रोज ती शिकवत होते. पण शिडी चढलेल्या मुलाला खाली उतरून आपल्या आईशी बोलता आले पाहिजे, याची काळजी शाळेने घ्यायची असते. आणि ती त्यांनी घेतली. आपल्या पालकसभांमध्ये माध्यमाचा प्रश्न दरवर्षी निघतो आणि दरवर्षी आवाज चढतात. त्या वादात उतरणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे असे आहे.

वुडवर्ड यांनी स्वतःही बौद्ध धम्माचा स्वीकार केला होता. ते शाकाहारी होते आणि त्यांची राहणी अत्यंत साधी होती. पौर्णिमेच्या दिवशी शुभ्र वस्त्रे परिधान करून ते विहारात जात आणि उपोसथाचे शील पाळत. ज्या मुलांना वर्षानुवर्षे असे भासवले गेले होते की शिकलेला माणूस विहारात जात नाही, त्यांनी केंब्रिजचा पदवीधर विहाराच्या पायऱ्यांवर चपला काढून जमिनीवर बसलेला पाहिला. धम्माच्या तासाला कितीही प्रवचने दिली असती तरी हे काम झाले नसते.

मात्र येथे एक कटू गोष्टही नोंदवली पाहिजे, कारण गौरवग्रंथात ती हटकून वगळली जाते. बौद्ध समाजाने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मुलांसाठी शाळा काढली, तरी तिच्यावर समाजाचा विश्वास बसायला प्राचार्याच्या खुर्चीत गोरा माणूस बसावा लागला. आनंद कॉलेजचे पहिले प्राचार्य सी. डब्ल्यू. लेडबीटर इंग्रज. कोलंबोत मुलींसाठी मातीच्या झोपडीवजा वर्गात आयुष्य वेचणाऱ्या मेरी म्युसियस हिगिन्स मूळच्या जर्मन, आल्या अमेरिकेहून. त्यांच्या निष्ठेत काडीचाही उणेपणा नव्हता. पण सिंहली शिक्षकाचे तेच शब्द सिंहली पालकाला तितके वजनदार वाटत नव्हते, हे त्या काळाचे वास्तव होते. राज्य करणाऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय आपल्याच धम्माची थोरवी पटू नये, ही गुलामीने केलेली जखम आहे, आणि सदिच्छेने आलेला परकीय शिक्षक ती एका बाजूने भरतो तर दुसऱ्या बाजूने, नकळत, उघडी ठेवतो. वुडवर्ड यांच्या बाजूने इतके म्हणता येईल की त्यांचे पुढचे काम या जखमेवरच होते. सिलोनला स्वतःचे विद्यापीठ असावे, परीक्षेसाठी केंब्रिज-लंडनकडे डोळे लावून बसण्याची वेळ येऊ नये, या मागणीसाठी पोन्नंबलम अरुणाचलम, डी. बी. जयतिलक यांच्यासारख्या नेत्यांनी जी चळवळ उभारली, तिला त्यांचा पाठिंबा होता. १९२१ साली कोलंबोत युनिव्हर्सिटी कॉलेज सुरू झाले आणि १९४२ साली सिलोन विद्यापीठ स्थापन झाले. तोवर वुडवर्ड यांना बेट सोडून बराच काळ लोटला होता.

१९१९ साली त्यांनी महिंद कॉलेजचा निरोप घेतला. वय अठ्ठेचाळीस. शाळा पायावर उभी राहिली होती. वुडवर्ड यांना आता पालि ग्रंथांचे काम हाक मारत होते. गॉलला असतानाच त्यांनी या कामाला हात घातला होता. योगावचराची साधनापद्धती सांगणाऱ्या एका ग्रंथाचे त्यांनी केलेले भाषांतर पालि टेक्स्ट सोसायटीने १९१६ साली छापलेही होते. आता त्यांनी इंग्लंडला न परतता ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेट निवडले. तेथे टेमर नदीच्या पश्चिम काठावर रोवेला नावाच्या लहानशा वस्तीत, सफरचंदांच्या बागेतील एका साध्या घरात ते राहू लागले. सोबतीला सिंहली लिपीतील ताडपत्रांच्या पोथ्या. जवळपास पालि जाणणारा दुसरा कुणी असण्याची शक्यता नव्हती.

पुढची तेहतीस वर्षे त्या बागेत गेली. ती घटनांनी भरलेली नाहीत, ग्रंथांनी भरलेली आहेत. १९२१ साली धम्मपदाचे भाषांतर निघाले. संयुत्तनिकायाचे अखेरचे तीन खंड १९२५ ते १९३० या काळात, तर अंगुत्तरनिकायाचे पहिला, दुसरा आणि पाचवा हे खंड १९३२ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाले. उदान आणि इतिवुत्तक यांचे भाषांतर १९३५ सालचे. याशिवाय संयुत्तनिकायाची अट्ठकथा, उदानाची अट्ठकथा, थेरगाथेची अट्ठकथा यांचे मूळ पालि पाठ त्यांनी संपादित केले. भाषांतर वाचकाला दिसते. पाठसंपादन दिसत नाही. निरनिराळ्या पोथ्यांतील एकेक अक्षर ताडून पाहायचे, लेखनिकाची चूक कोणती आणि खरा पाठभेद कोणता हे ठरवायचे, हे डोळ्यांचे आणि पाठीच्या कण्याचे काम आहे. त्यांच्या भाषांतराची इंग्रजी आज जुनी वाटते. नंतरच्या अनुवादकांनी अनेक ठिकाणी त्यांच्याहून अचूक शब्द शोधले आहेत. पण ज्यांनी पुढे दुरुस्त्या केल्या, त्यांना दुरुस्त करण्याजोगे काही तरी आयते हाती मिळाले होते.

सामान्य वाचकासाठी त्यांनी तथागतांच्या निवडक वचनांचा एक इंग्रजी संग्रह तयार केला होता. ऑक्सफर्डच्या स्वस्त आणि लोकप्रिय ग्रंथमालेत तो १९३९ साली आला आणि त्रिपिटकापर्यंत कधीही न पोहोचणाऱ्या असंख्य लोकांच्या खिशात जाऊन बसला. त्या आवृत्तीला प्रस्तावना आहे सर फ्रान्सिस यंगहजबंड यांची. हा योगायोग मला विलक्षण वाटतो. १९०३ साली, ज्या वर्षी वुडवर्ड गॉलच्या किल्ल्यातील साठ मुलांसमोर खडू घेऊन उभे राहिले, त्याच वर्षाच्या अखेरीस यंगहजबंड ब्रिटिश फौज घेऊन तिबेटच्या बौद्ध भूमीत शिरले होते. पुढे त्यांच्यातही पालट झाला आणि उत्तरायुष्यात ते धर्मचिंतनाकडे वळले. एकाच साम्राज्याचे हे दोन पुत्र छत्तीस वर्षांनी एकाच पुस्तकाच्या पानांत भेटले.

मे १९५० मध्ये कँडी येथे जागतिक बौद्ध परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या परिषदेसाठी सिलोनला गेले होते. ऑल्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या काळात शाळा काढायला आरंभ केला, तेव्हाचा दबलेला बौद्ध समाज आता स्वतंत्र देशाचा नागरिक होता. त्याचे वकील, डॉक्टर, शिक्षक, अधिकारी यांतले अनेक जण याच शाळांतून शिकून निघाले होते. बाबासाहेबांनी तो समाज डोळसपणे पाहिला. त्याच वर्षी औरंगाबादला त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू झाले, जे पुढे मिलिंद या नावाने ओळखले जाऊ लागले. वुडवर्ड तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते आणि टास्मानियातील आपल्या घरात एका अवाढव्य कामाच्या अखेरच्या टप्प्यात होते.

ते काम म्हणजे पालि त्रिपिटकाची शब्दसूची. त्रिपिटकात एखादा शब्द कोणकोणत्या ग्रंथात, कोणत्या खंडात, कितव्या पानावर आला आहे, याची नोंद करायची. आणि ती एका शब्दाची नव्हे, सगळ्या शब्दांची. संगणक नव्हता. शब्द वाचायचा, हाताने लिहायचा, वर्णानुक्रमे लावायचा आणि पुढच्या शब्दाकडे जायचे. यात इतर अभ्यासकांचाही हातभार होता, पण मोठा भार वुडवर्ड यांनी उचलला. असे काम करणाऱ्याला वाचक मिळत नाहीत, फक्त उपयोग करणारे मिळतात. वर्गात मुलांना शब्दकोश कसा पाहावा हे सोळा वर्षे शिकवलेल्या माणसानेच ते अंगावर घ्यावे, यात मला तरी काही नवल वाटत नाही.

२७ मे १९५२ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, टास्मानियात वुडवर्ड यांचे निधन झाले. सूचीची छपाई त्याच सुमारास सुरू होत होती. तिची मांडणी आणि संपादन ई. एम. हेअर यांनी हाती घेतले. अंगुत्तरनिकायाचे तिसरा आणि चौथा हे उरलेले दोन खंड इंग्रजीत आणणारे अभ्यासक ते हेच. आज मेत्ता हा शब्द तथागतांच्या उपदेशात कोठे कोठे आला आहे हे पाहायचे असेल, तर ती सूची उघडायची, बोट खाली न्यायचे आणि त्या शब्दापुढच्या आकड्यांच्या ओळी वाचायच्या.